अजून कोर दिसते

दिवस मावळला की झमकूबाई स्वयंपाकघराला कडी घालायच्या. सून जतनबाई सगळ्यांच्या मागून जेवणारी, त्यामुळे महिन्यातून चार-पाचदा तरी ती उपाशीच राहायची. "धरम म्हणजे धरम, बींदणी. सूर्य बुडाला की खाणं बंद," सासूबाई सुनेला सांगायच्या.

त्या वर्षी सगळं घर गिरनारच्या यात्रेला निघालं आणि मुंबईला पहिल्यांदाच आगबोटीत चढलं. झमकूबाईंना बोट अशी लागली की दिवसभर पाण्याचा घोटही पोटात ठरेना. मळमळ थांबून भूक लागली, तोवर सूर्य समुद्रात बुडाला होता. जतनबाईने लाडवांच्या डब्याला झाकण लावलं.

सासूबाईंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. एरवी ओटा चढताना दोनदा टेकणाऱ्या बाई एका दमात वरच्या डेकवर पोचल्या.

"डबा आण, बींदणी. सूर्य गेला नाही. इथून अजून कोर दिसते."

दोन लाडू त्यांनी उभ्याउभ्याच संपवले.

नंदुरबारला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी झमकूबाईंनी कडी घातली आणि वळून पाहिलं, तर सून जागेवर नव्हती. वर धाब्याच्या गच्चीवरून आवाज आला.

"मी जेवतेय, सासूजी. इथून अजून कोर दिसते."