केंद्रकाच्या दारात सासूबाई

‘रेणूंना घरातल्या माणसांची नावं देऊ नकोस,’ संशोधनातल्या तिच्या सरांनी तिला बजावलं होतं. ‘आज गंमत वाटते. एक दिवस चारचौघांत पडद्यावर दिसतील.’ ती हसली होती. सरांना काय, ऊठसूट काळजीच, असं मनात म्हणाली होती. आणि आता भिंतभर पडद्यावर, वीतभर अक्षरांत, ‘सासूबाई’ दारात अडकून बसल्या होत्या.

खऱ्या सासूबाई शेवटच्या रांगेत होत्या. मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. बाळ नजरेआड नको म्हणून तिनेच हट्टाने त्यांना आत आणून बसवलं होतं.

समोर समिती. अध्यक्षबाई आणि दोन तज्ज्ञ. तिच्या प्रकल्पाला आणखी एक वर्ष द्यायचं की आजच गाशा गुंडाळायला सांगायचा, हे ठरायचं होतं. प्रकल्प म्हणजे पेशीतल्या वाहतुकीचं संगणकावरचं मॉडेल. त्याच्या तिने दोन फाइली केल्या होत्या, एक साळसूद नावांची आणि एक घरगुती. घाईत घरगुती उघडली. बंद करायला गेली तर अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘राहू दे, राहू दे. पहिल्यांदाच काहीतरी कळतंय.’

तिने सांगायला सुरुवात केली. पेशीच्या आत केंद्रक. केंद्रकाच्या भिंतीला बारीक बारीक दारं. दारात लोंबणारे चिकट धागे. त्यांच्यावर पाटी होती ‘नणंदा’, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायचं, दोन शब्द बोलायचे आणि सोडून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. मोठ्या रेणूला एकट्याने या गर्दीतून आत जाता येत नाही. त्याला कडेवर घेऊन जाणारा वाहक लागतो. ज्याला न्यायचं ते ‘बाळ’. नेणारा... तिने घसा खाकरला. ‘नेणारा वाहक.’

‘सासूबाई,’ एका तज्ज्ञाने मोठ्यांदा वाचलं.

मागे बाळ खिदळलं.

अडचण अशी होती, की पडद्यावरच्या सासूबाई बाळाला घेऊन आत जायच्या आणि आतच राहायच्या. एकीमागून एक. थोड्या वेळात केंद्रक सासूबाईंनी गच्च भरायचं, दारं तुंबायची, वाहतूक ठप्प. चार महिने ती या कोंडीशी झगडत होती. दारं रुंद करून पाहिली. नणंदांचा चिकटपणा कमी केला. काही फरक नाही.

‘गणितात वाहकाची पकड जास्त धरली गेली असावी,’ ती म्हणाली. ‘तो बाळाला सोडतच नाही.’

हे ती अगदी खात्रीने बोलली. घरी रोज बघत होती ना. लॅपटॉपवरून मान वर करून दाराच्या फटीतून पाहावं, तर सासूबाई बाळाला घेऊन उभ्या. तासाने पाहावं, तर उभ्याच. आपलंच मूल मागायचं तरी कसं, म्हणून ती गप्प बसायची आणि आतल्या आत धुमसायची.

‘मी बोलू का?’ शेवटच्या रांगेतून आवाज आला.

सासूबाईंचाच.

‘सोडत नाही म्हणे! अगं, ती बिचारी बाळाला घेऊन आत गेली, उभी राहिली. आत हात पुढे करायला आहे का कुणी? देणार कुणाच्या हातात, भिंतीच्या?’

हशा पिकला. दुसरे तज्ज्ञ मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘बाई बरोबर बोलतायत. केंद्रकाच्या आत ओझं उतरवून घेणारा एक रेणू असतो. तो कुठाय तुमच्या मॉडेलमध्ये?’

तिने रेणूंची यादी वरून खाली चाळली. मग खालून वर. नव्हता. बाळंतपणाच्या सुट्टीआधी गणित हलकं व्हावं म्हणून तिनेच त्याला तात्पुरतं बाजूला काढलं होतं. पुढे घरबसल्या एकेकाला नावं देत सुटली. सासूबाई झाल्या, नणंदा झाल्या. पण कडेवरचं बाळ उतरवून घेणारं घरात कुणी आठवेना. नाव मिळालं नाही, म्हणून तो राहूनच गेला.

चहाची सुट्टी झाली. बाकीचे चहा प्यायले, तिने तो रेणू परत घातला. पाटीची जागा रिकामी होती. क्षणभर थांबून तिने लिहिलं, ‘मी’. दहा मिनिटांत दारं वाहती झाली. सासूबाई बाळ देत होत्या, हात झटकत होत्या, बाहेर येऊन पुढचं बाळ उचलत होत्या.

‘वर्ष दिलं,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. मग तिच्या कानाशी वाकून हळूच, ‘पण पाट्या बदल हं. माझी सून याच इमारतीत आहे. तिला काही सुचायला नको.’

घरी पोचताच तिने दारातच दोन्ही हात पुढे केले. ‘आई, द्या इकडे.’

वाक्य संपायच्या आत बाळ तिच्या हातात होतं.

‘खांदे गेले माझे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला वाटायचं, तुझ्या कामात व्यत्यय नको म्हणून तू घेत नाहीस. तिकडे माझ्या मैत्रिणी चौथ्या भिडूवाचून तिघीच पत्ते खेळतायत केव्हाच्या.’ आणि पर्स काखेत मारून जिना उतरूनही गेल्या.

मॉडेलप्रमाणे ओझं उतरलेला वाहक ताबडतोब पुढच्या खेपेला हजर होतो. सासूबाई पाचला गेल्या. आता आठ वाजत आले. त्यांचा फोन इथेच टेबलावर वाजतोय आणि बाळ काही कडेवरून उतरत नाही. तुमच्या बाजूला कुठे चौघी पत्ते कुटत बसल्या असतील, तर जरा डोकावून या. चष्मा गळ्यात, पानं छातीशी धरलेली, आणि घरी जायचं नावही काढत नाही, अशी एक दिसेल. तिला उठवू नका. जेवली का, एवढं विचारा आणि तिच्या सुनेला कळवा.