गफूरभाईंची सॅक

“सह्याद्रीत पाऊल टाकण्याआधी माणसाने आपली फ्रेम ठरवावी,” आदिनाथने जाहीर केलं. “तिथे चुकला, तो जन्माचा चुकला.”

आदिनाथ स्वतः आजवर इमारतीच्या गच्चीपर्यंत चढलेला होता, तेही टाकी भरली का बघायला. पण तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो मोबाइलवर सॅकांचे व्हिडिओ बघत होता. त्यात बालमित्र गफूरला पहिली सॅक घ्यायची निघाली. साठलेलं ज्ञान कुठेतरी सांडणं भागच होतं. ते लोणावळ्याच्या बाजारात, नवाजच्या ट्रेकिंगच्या दुकानात सांडलं.

गफूर चिक्कीवाला. डोंगरातून उतरणाऱ्यांना चिक्की विकण्यात त्याचा जन्म गेला. वर जायचं राहिलं, आणि मग कंबरच गेली. ऑपरेशन झालं, मणक्याला सळया बसल्या, वर्षभर तो घरात. बाजार त्याला ‘बिचारा गफूर’ म्हणायला लागला. हा ‘बिचारा’ त्याला सळयांपेक्षा जास्त टोचत होता. आता डॉक्टरांनी हलकं ओझं घेऊन चालायला परवानगी दिली होती. शनिवारी माधवीताईंचा गट कुरवंड्यातून डोंगराडोंगराने पवनानगरला निघणार होता, रात्री तंबूत मुक्काम. गफूरला त्यात जायचं होतं, आणि पेशंट म्हणून जायचं नव्हतं.

माधवीताई नोकरीला बँकेत, पण नियमाला बँकेपेक्षा कडक. त्यांच्या गटात ज्याचं त्याने करायचं, कुणी कुणाचं काही उचलायचं नाही. सॅक घेऊन दुकानाचा जिना चढून-उतरून दाखवा, मग नाव घेते, असं त्यांनी बजावलं होतं, आणि बघायला त्या जातीने हजर होत्या. वजन म्हणून गफूरच्याच दुकानातली चिक्कीची खोकी आणली होती.

पहिली सॅक बाहेरच्या फ्रेमची. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची शिडी आणि तिच्यावर बांधलेली पिशवी. आदिनाथच्या मते हीच खरी, पाठीला वारा लागतो. नळ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. जिन्याची चौकट बुटकी. दुसरं कुणीही कमरेत वाकून निघून गेलं असतं. गफूर अडकला. वारा मात्र लागत होता.

दुसरी आतल्या फ्रेमची. पट्ट्या कापडात लपवलेल्या, सॅक अंगाला चिकटून. आदिनाथला आता हीच खरी वाटली. पण तिची पट्टी नेमकी ऑपरेशनच्या जागेवर बसली. गफूर दोन-चार पायऱ्या चढला आणि घाम पुसत परत आला. आदिनाथ म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, बिचाऱ्याला एवढी घाई कसली.

गफूरने त्याच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात खुंटीला लोंबणाऱ्या एका सॅककडे बोट केलं. तिला फ्रेमच नव्हती.

“चाचा, ती नवख्याला नाही देत मी,” नवाज म्हणाला. “फ्रेम नसली की माणूस पुढे वाकतो.”

“वाकवून दाखव मला,” गफूर म्हणाला. “डॉक्टरनं आतूनच बसवलीय.”

चिक्कीची खोकी तिसऱ्यांदा भरली गेली. गफूर निघाला. चौकटीतून गेला, जिना चढला, ताठ, वरातीतल्या नवरदेवासारखा. गच्चीवर पोचल्यावर त्याने एकदा डोंगराकडे बघितलं असावं, कारण खाली यायला जरा वेळ लागला. पण आला तो तसाच ताठ. आदिनाथने नवाजला सांगितलं, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

माधवीताईंनी हात पुढे केला. “शनिवारी सकाळी कुरवंड्यात या, गफूरभाई. तुमचं नाव घेतलं. फक्त ही चप्पल नको, बूट लागतील.”

बूट तर कालच घेतलेत, गफूर म्हणाला. त्याने ते पिशवीतून काढून दाखवले. जमिनीवर सोडले, भिंतीला हात टेकून उभ्याउभ्याच एकेक पाय आत सरकवला. मग मान खाली घालून तो बुटांकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. आदिनाथ तोवर नवाजला फ्रेमचं तत्त्वज्ञान परत पहिल्यापासून सांगायला लागला होता.

“माधवीताई,” गफूर हळूच म्हणाला, “तेवढ्या नाड्या बांधता का?”