वीतभर खाली

"तिले बाजूले करा! खांदाच लागून नाही राह्यला तिचा," किसनराव ओरडला आणि उचललेली तिरडी पुन्हा अंगणात टेकली.

पुढच्या उजव्या कोपऱ्याला अपेक्षा उभी होती. तिरडीवर तिचा बाप, तुळशीराम. बाप बुटका, एकुलती लेकही तशीच. उरलेल्या तीन कोपऱ्यांना किसनराव धरून तिचे तीन काका, दारातून वाकल्याशिवाय आत न येणारे. त्यांनी तिरडी खांद्यावर घेतली की बांबू पोरीच्या खांद्यापासून वीतभर वर राहायचा.

"बाई म्हणून नाही म्हणत मी, माय," किसनराव सिंधूताईंना म्हणाला. "पण ओझं उंच खांद्यावरच येते. तिच्या वाट्याचं आम्ही वाहाचं, अन् खांदा दिला म्हणून नाव तिचं?"

अपेक्षानं वर केलेला हात खाली घेतला. आज हटली तर बापाला उचलायची वेळ पुन्हा येणार नव्हती.

सिंधूताई उठल्या. थोरल्या लेकासाठी अजून रडल्याही नव्हत्या. खुंटीवरचं त्याचं गोणपाट त्यांनी ओढलं. देऊळगावच्या मोंढ्यात हमालीचं पोतं घेताना तुळशीराम तेच पाठीवर टाकायचा. घडी करून त्यांनी ते नातीच्या खांद्यावर ठेवलं.

"उचला."

तिरडी उचलली. तरी चार बोटं कमीच पडली.

"पाह्य आता," किसनराव म्हणाला.

"तूच पाह्य बे!" सिंधूताई म्हणाल्या. "तुहा बाप मेला तवा हा एवढुसं लेकरू होता. अंगानं वाढायच्या वयात पोत्याखाली गेला, तुम्हा तिघाईचं पोट भराले. घरातली सारी उंची तुम्ही खाऊन बसले, अन् आता त्याच्याच पोरीले बुटकी म्हणता? लाज नाही वाटत?"

धाकट्यानं तोंड फिरवलं.

"ती काही आता वाढत नाही," सिंधूताई म्हणाल्या. "तुम्ही वाका."

तिघांनी गुडघे मोडले. बांबू गोणपाटावर टेकला. भार आला तशी अपेक्षा क्षणभर डगमगली, मग तिनं पाय रोवले.

मोंढ्यासमोरून तिरडी निघाली तेव्हा हमाल पोती टाकून रस्त्यावर आले. तिघे उंच भाऊ गुडघ्यात वाकून, धापा टाकत चालले होते.

ताठ चालत होती ती एकटी अपेक्षा.