१९५३ची शेगडी

म्हाताऱ्या आईला, आर्डिथला, ओहायोतल्या आपल्या घरी राहायला आणल्यापासून लॉर्ना काळजीत होती. जन्मभर रोज घरी पाव भाजणारी आर्डिथ आता स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकत नव्हती.

तिला करमावं म्हणून लॉर्नाने जुन्या घरात होती तशीच, ओव्हनवाली १९५३ची विजेची शेगडी शोधायला घेतली. पहिलीचं दारच निखळलेलं, दुसरीच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. तिसरी धड निघाली, तर तिच्या कॉइल कुठे मिळेनात. पाच महिने लॉर्ना नुसती चरफडत होती. दुरुस्तीला येणारा व्हर्न तर हात जोडून म्हणाला, "बाई, ही सुरू होण्याआधी मी बंद पडणार!"

अखेर एकदाच्या चारही कॉइल लालबुंद झाल्या. लॉर्ना आईला हाताला धरून घेऊन आली. शेगडी दिसताच आर्डिथ दारातच थबकली. तिचे ओठ थरथरले.

"ओळखलीस ना, आई?" लॉर्नाने तिला शेगडीजवळ नेत विचारलं.



"न ओळखायला काय झालं? चाळीस वर्षं तुझे बाबा हिलाच दुरुस्त करत बसले, मला नवी म्हणून घेऊ दिली नाही. मेली इथंही येऊन पोचली!"