हिरव्या बाकड्यावरची उसळ

"ही नाय ती," गोदी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

देवरामने वही उघडून लिहिलं: मोखाडा, स्टँडासमोर. वालाची उसळ. नापास. ही तेविसावी.

देवराम एसटीत कंट्रोलर होता. तीस वर्षं जव्हारच्या स्टँडावर बसून त्याने गाड्या सोडल्या आणि त्यांच्या वेळा लिहिल्या. जूनमध्ये तो निवृत्त झाला. घरात गाड्या नव्हत्या, म्हणून जे हलेल त्याची वेळ तो बघू लागला. हलायची ती गोदीच. शेजारच्या चैतीकडे ती विरजण आणायला गेली की देवराम दारात उभा. दोन मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं का लागली, हे तो अगदी प्रेमाने विचारायचा. इतक्या वर्षांनी बायकोला पुरता वेळ देता येतोय, याचं त्याला फार समाधान होतं.

नेमका तेव्हाच, गणपतीनंतर, गोदीला ताप आला. ताप तीन दिवसांत उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. सकाळची न्याहारी घशाखाली उतरेना. उठून पाणी प्यायचंही त्राण नाही, म्हणाली. चौथ्या दिवशी छताकडे बघत तिने सांगितलं, की लग्नानंतर साखरशेतहून पहिल्यांदा बाजाराला आलो, तेव्हा तुम्ही मला एका हॉटेलात उसळ खाऊ घातली होती. ती मिळाली तर दोन घास जातील.

हॉटेल कुठलं ते तिला आठवत नव्हतं. बाकडं हिरवं होतं, एवढंच आठवत होतं. देवरामला तर तिला कधी हॉटेलात नेल्याचंच आठवत नव्हतं. पण आजारी माणसाशी वाद कसला घालायचा? त्याने स्टीलचा डबा धुऊन घेतला.

जव्हारमधली हॉटेलं नऊ दिवसांत संपली. प्रत्येक ठिकाणी तो आधी बाकड्यांचे रंग बघायचा, मग स्वतः एक प्लेट खाऊन बघायचा आणि एक डब्यात घ्यायचा. शिरपामाळच्या वाटेवर एका हॉटेलवाल्याने उसळ नाही म्हणून त्याला नाचणीचे मोमो दिले. दाभोश्याच्या रस्त्यावर एका टपरीत बाकडं हिरवं निघालं. देवराम हरखला, पण ते शेवाळ होतं.

घराखालच्या वळणावर रोहिदासचं हॉटेल होतं, ते त्याने धरलंच नाही. ते उघडून जेमतेम दीड वर्ष झालेलं. तीस वर्षांपूर्वीची उसळ तिथे असणं वेळेच्या हिशेबात बसत नव्हतं.

गोदीची आठवण मात्र रोज ताजी होत होती. उसळ वालाची होती, म्हणाली. पाव तव्यावर परतून द्यायचे. भटारी काम करताना गुणगुणायचा. देवराम सगळं लिहून घेई. मग ती हळूच विचारायची, उद्या कुठं, गाडी कितीची, परत कितीला. तीस वर्षांत तिने कधी गाडीची वेळ विचारली नव्हती. आता जायची आणि यायची, दोन्ही विचारायची. देवरामला भरून यायचं.

महिन्याने डॉक्टरांनी दोघांनाही काट्यावर उभं केलं. देवराम चार किलोंनी वाढला होता. ते ठीकच. पण गोदीही दोन किलोंनी वाढली होती. डॉक्टरांना काही काळजीचं दिसेना. देवरामला दिसलं. घरी तो चैतीला म्हणाला, की अंगावर सूज चढतेय. चैतीने पदर तोंडाशी धरला आणि ती घाईने निघून गेली. शेजारीण असली तरी जीव तुटतोच, असं त्याला वाटलं.

मोखाड्याची उसळ नापास झाली, त्या संध्याकाळी गोदी म्हणाली, "आता खोडाळ्याला बघा. तिथं नाय मिळाली, तर मग काय सांगता येत नाय."

देवरामने मनाशी ठरवलं. खोडाळ्यालाही नाही मिळाली, तर हिला उचलून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तसं तिला सांगितलंही. नाशिक किती लांब, एवढंच तिने विचारलं.

सकाळी सातच्या गाडीसाठी तो पावणेसातलाच निघाला. स्टँडावर पोचल्यावर लक्षात आलं, की डबा ओट्यावरच राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःहून गाडी चुकवली आणि माघारी वळला.

दाराला बाहेरून कडी होती. आत अंथरूण रिकामं. शाल घडी घालून उशाशी ठेवलेली. मोरीत कोणी नाही, परसात कोणी नाही. चैतीच्या दाराला कुलूप. जिला पाण्यासाठीही उठवत नव्हतं, ती बाई जाणार कुठं? चैतीने उचलून दवाखान्यात नेलं असणार, आणि तेही आपण घरी नसताना, उसळीपायी.

वळणावर रोहिदासची जीप उभी होती. देवराम चपला न घालताच खाली धावला.

"रोहिदास, गाडी काढ बाबा. गोदी घरात नाय. चाल लवकर."

रोहिदास गुणगुणत तव्यावर पाव परतत होता. तो थांबला. त्याने देवरामकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा देवरामकडे.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही साडेदहापर्यंत खोडाळ्याला ना?"

देवरामला त्याचा अर्थ लागायच्या आत हॉटेलामागच्या अंगणातून चैतीचं हसू ऐकू आलं. तो तसाच मागच्या दारापर्यंत गेला. जांभळीच्या सावलीत नवंकोरं हिरवं बाकडं होतं. त्यावर पाठमोऱ्या दोघी बसल्या होत्या. त्यातली एक रिकामी प्लेट मागे धरून, वळूनही न बघता म्हणाली,

"रोहिदास, वाल घाल रे अजून. आणि नाशकात कुठं हिरवी बाकडी असतील तर बघून ठेव. उद्यापासून यांना तिकडं धाडते."