कागद घेऊन आलेली बाई

“मंगळ्या? नाय बाई. आमच्या पाड्यात असा कोन नाय.”

जिवलीने हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की शेजारची नर्मदासुद्धा क्षणभर चक्रावली. मंगळ्या जिवलीचा एकुलता एक मुलगा. त्याच्याच घराच्या ओट्यावर बसून ती तांदूळ पाखडत होती.

समोर पालघरहून आलेली एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी, हातात छापील कागद. आल्या आल्या तिने आपलं नाव हेमांगी असं सांगितलं होतं. नाव काय, कुणीही सांगतं. जिवलीचं लक्ष कागदावर होतं.

कागद घेऊन आलेल्याला पाड्यातलं माणूस दाखवायचं नाही, ही इथली रीत. ती उगाच पडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या पंढरीचं घर विचारत आला. कुणीतरी भोळेपणाने बोट दाखवलं. जंगलतोडीच्या गुन्ह्यात पंढरी जो गेला, तो अकरा महिन्यांनी परतला. झाडं तोडणारा भलताच निघाला. तेव्हापासून पाडा शहाणा झाला.

“पत्ता तर त्याने हाच दिलाय,” बाई म्हणाली. “आजी, घाबरू नका. त्याच्याच भल्याचं काम आहे.”

झालं. पंढरीच्या वेळीही भल्याचंच काम होतं.

“दिला आसल. बोयसरला शंभर गावची माणसं कामाला. कोन कुठला पत्ता देल, आमाला काय ठावं?”

“त्याची आई इथेच असते म्हणे.”

जिवलीच्या हातातलं सूप थांबलं नाही. “मग आमाला दिसली नसती?”

नर्मदेने तोंडाला पदर लावला.

“घर, शेत, कुणी नातेवाईक?”

“माणूसच नाय, त शेत कुठलं?”

बाई चिवट होती. आणखी दोन घरी विचारून आली. तिथेही तेच उत्तर. हा पाडा एरवी कोंबडीवरून भांडेल, पण या बाबतीत एकी मोठी. शेवटी तिने कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, की मंगळ्या नावाचा इसम इथे राहत नाही, त्याला कुणी ओळखत नाही. जिवलीने खुशीत अंगठा उमटवला. जाताना बाईचा चेहरा उतरला होता. जिवलीला तिची थोडी कीवही आली.

पोरगा वाचला, याचं तिला मोठं समाधान होतं. तो बोयसरच्या कारखान्यात हेल्पर. तीन आठवडे घरी आला नव्हता, पण काम जास्त असलं की असंच व्हायचं. बाईला कसं परतवलं ते जिवली घरोघर सांगत फिरली, आणि दर घरी किस्सा थोडा वाढत गेला.

चौथ्या दिवशी विश्राम आला. तो मंगळ्याच्याच कारखान्यात कामाला. स्वतःच्या घरी न जाता तो थेट जिवलीच्या ओट्यावर टेकला.

“काकी, मंगळ्या जेलात हाय. कारखान्यातली तांब्याची तार चोरीला गेली. पोलिसांनी तीन हेल्पर धरले. दोघं जामिनावर सुटले.”

जिवलीने त्याचा हात धरला. “आन माझा?”

“कोर्टाने तिघांच्या गावी एक बाई पाठवली होती. पोरगा खरंच तिथला हाय का, सोडला त पळून नाय ना जानार, तेवढं बघायला. त्या दोघांच्या आया ‘आमचाच हाय’ म्हनल्या, की लगेच सोडले.”

“आन मंगळ्या?”



“तो कोर्टात हात जोडून सांगत होता, माझ्या आयेला विचारा म्हनून. साहेब म्हनले, पाड्यात विचारलंय. तिथं तुला कोन ओळखत नाय.”