पाडलेला दात

पहिल्याच लाथेत पद्माकर आडवा झाला. बेसिंगस्टोक स्टेशनच्या कार पार्कमध्ये तिघं होते, टकले, लोखंडी टाचांचे बूट घातलेले. "पाकी, गो होम!" एकानं बरगडीत लाथ घातली, दुसऱ्यानं थोबाडावर. तिसरा हातांवर नाचला. बोटं मोडल्याचा आवाज पद्माकरला स्वतःला ऐकू आला.

दोन दिवसांनी हॉस्पिटलात शुद्ध आली. उशाशी बायको, सुमेधा. "पोलिस म्हणाले, एकाचा दात पाडलात तुम्ही!"

पद्माकरनं मान डोलावली. अहो, अशा वेळी कुठला नवरा नाही म्हणेल? महिन्याभरात तो दात लंडनमधल्या पिनरपासून एजवेअरपर्यंत मराठी घरांतून फिरून आला आणि एकाचे चार झाले.

आज विम्याचा साहेब घरी आला होता. पद्माकर कॉन्ट्रॅक्टवरचा प्रोग्रॅमर. बोटं चालली तर पैसे, नाहीतर ठणठणगोपाळ! आजारपणाचा पगार द्यायला कुणी मालक नाही, म्हणून त्यानं स्वतःच पॉलिसी काढलेली. तिचे पैसे मिळाले तरच मॉर्गेज भरलं जाणार होतं, राहतं घर टिकणार होतं.

सुमेधानं चहा-चिवडा ठेवला आणि नेहमीच्या तोऱ्यात दाताची गोष्टही वाढली.

साहेबाचं पेन थांबलं. "मारामारी केली असेल तर पॉलिसी लागू होत नाही, मिस्टर टिपणीस. तुम्ही त्याला मारलंत?"

सुमेधा पांढरीफटक पडली. घर वाचवायचं तर पद्माकरची बायकोसमोर अब्रू जाणार होती.

"मी हात उचललाच नाही," तो म्हणाला. "जोडले होते. असे." प्लास्टरमधले दोन्ही पंजे त्यानं कसेबसे एकमेकांना टेकवले. "सर, मारू नका, म्हणत होतो. त्या जोडलेल्या हातांवरच बूट पडले." आणि बिचारा हमसून हमसून रडायला लागला.

साहेबानं मान खाली घालून फॉर्मवर सही केली. "आय अ‍ॅम सॉरी," म्हणाला आणि गेला.

पद्माकर वर बघेना. "पोलिसांनी तुला खोटंच सांगितलं गं."

सुमेधानं त्याचे डोळे पदरानं पुसले. "पोलिस कुठं काय बोलले? दोन दिवस गुंगीत 'सर, मारू नका' एवढंच चाललं होतं तुमचं. ऐकवेना मला. म्हणून तो दात मीच पाडला."